न घेतलेल्या विषयाचे मार्क

शाळांच्या स्पर्धेत माझा भाला तिसऱ्यांदा गवतात रुतला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. कुंपणापाशी उभा असलेला एक माणूस मात्र वाजवत नव्हता. त्याच्या हातात छोटा व्हिडिओ कॅमेरा होता आणि तो माझ्यावर रोखलेला होता. आईने ते माझ्या आधी पाहिलं. तिने मांडीवरचा डबा बाजूला ठेवला, पर्स खांद्याला अडकवली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. लांबून मला शब्द ऐकू येत नव्हते, आईचं बोट तेवढं दिसत होतं. ते आधी कॅमेऱ्याकडे गेलं, मग माझ्याकडे, मग गेटकडे. मला वाटलं, आता हा जातो. पण पाच मिनिटांनी आई परत आली ती हातात कार्ड घेऊन, आणि तिचा आवाज बदलला होता.

"अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी खेळाडू शोधतो म्हणे. तुझा हात फार चांगला आहे म्हणाला." मग डबा उचलत, "रविवारी घरी येणार आहे. बाबांना मी सांगते, तू काही बोलू नकोस."

मी अकरावीत होते. पुण्याहून आम्ही आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागातलं ते घर बाबांनी भाड्याने घेतलं ते केवळ शाळेसाठी. बाबा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हीच त्यांची नोकरी, आणि घरी आल्यावरही ती सुटत नसे. दुधाच्या बाटलीवरची तारीख ते दोनदा वाचत.

ती वर्षं भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लोंढ्याची होती. इंडियन दुकानातल्या फळ्यावर 'रूम पाहिजे'च्या चिठ्ठ्या एकीवर एक चिकटवलेल्या असत. आमच्या घरामागे गॅरेजची खोली केलेली होती. ती आम्ही नाशिकच्या एका मुलीला दिली होती. मी तिला ताई म्हणायचे. ती बी.कॉम. झालेली, आणि इथे कुकरीचा कोर्स करायला आलेली. तिला साधं ऑम्लेट उलटता येत नसे. मी तिला एकदा विचारलं होतं, "मग कुकरी का?" ती म्हणाली, "एजंट म्हणाला, त्यात पीआर, इथे कायम राहायचा परवाना, लवकर मिळतो."

रविवारी तो खेळाडू शोधणारा एजंट आला. उंच, उन्हाने भाजलेला, बूट दारातच काढून आत येणारा. त्यामुळे आईचं मत आणखी चांगलं झालं. बाबांचं मात्र बिघडलं. "याला कोणीतरी शिकवून पाठवलंय," ते मला मराठीत म्हणाले. त्याने टेबलावर माहितीपुस्तकं मांडली. लाल विटांच्या इमारती, हिरवळ, हिरवळीवर पुस्तक उघडून बसलेल्या मुली. शिक्षण, राहणं, जेवण, सगळं कॉलेजकडून. मी फक्त भाला फेकायचा आणि पास व्हायचं.

बाबांनी एकच प्रश्न चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला: तुम्हाला पैसे कोण देतं? त्याने चारही वेळा हसून एकच उत्तर दिलं: थोडे तुम्ही, बाकीचे जागा पक्की झाल्यावर. चहाचे कप न्यायला आलेली ताई पुस्तक हातात घेऊन उभी राहिली. तो गेल्यावर ती हळूच म्हणाली, "काका, आमच्या ब्रोशरवर पण अशीच हिरवळ होती. इथे येऊन बघितलं तर कॉलेज म्हणजे मोबाइलच्या दुकानावरचे दोन मजले."

मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिचं फसलं म्हणून माझं का फसावं? बाबा तर कशावरच विश्वास ठेवत नसत. पण आईने त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला आणि शेवटी त्यांनी त्या एजंटच्या करारावर सही केली. वर म्हणाले, "प्रत्येक ईमेल मी वाचणार."

व्हिडिओ अमेरिकेत गेला. दोन महिन्यांत तीन कोचची उत्तरं आली, आणि त्यांतल्या एक बाई दर शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल करू लागल्या. त्यांच्याकडे तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ असायची. त्या माझ्या शेवटच्या पावलाबद्दल बोलायच्या, कोपर कुठे खाली पडतं ते नेमकं सांगायच्या. इतक्या बारकाईने माझ्याकडे कोणीच पाहिलं नव्हतं. बाबा खुर्ची अशी लावून बसायचे की ते स्क्रीनवर दिसू नयेत पण त्यांना सगळं ऐकू यावं. समोर वही. कॉल संपला की त्यांची उलटतपासणी सुरू.

"दुखापतीबद्दल तिने आज तिसऱ्यांदा विचारलं. का?"

"काळजी वाटते म्हणून, बाबा."

"काळजी एकदा वाटते. तीनदा वाटतो तो संशय."

त्यांचं खरं होतं आणि ते फक्त मलाच माहीत होतं. त्या हिवाळ्यापासून माझा उजवा खांदा दुखत होता. भाला सुटायच्या क्षणी आत काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं, मग बोटांपर्यंत मुंग्या. मी शाळेच्या कोचला सांगितलं नव्हतं, आईला नाही, कोणालाच नाही. केस विंचरायला मी डावा हात वापरायला शिकले. बाबा आणि ताई त्या एजंटकडे संशयाने बघत असताना खोटं बोलणारी मीच होते. आणि गंमत म्हणजे त्यामुळे मलाच सगळ्यांचा संशय येऊ लागला. बाबा माझे ईमेल पुसत तर नाहीत ना? एका कोचचं उत्तर यायचं थांबलं, ते त्यांच्यामुळे का? ताई बाबांचे कान भरते का? एका दुपारी बाबा आंघोळीला गेल्यावर मी त्यांची वही उघडली. आत तारखा होत्या, कोचचे प्रश्न होते, आणि एका पानावर: 'डावा हात?' एवढंच.

मी वही होती तशी ठेवली. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात एजंटकडून जाड पाकीट आलं. माझ्या नववीपासूनच्या मार्कांचा अमेरिकन पद्धतीत मांडलेला तक्ता होता. खाली माझी सही आणि पालकांची सही, अशा दोन रिकाम्या रेघा. मी वरून खाली वाचत गेले. इंग्लिश, बरोबर. गणित, थोडं फुगवलेलं. मग केमिस्ट्री: दोन वर्षं, बी-प्लस.

केमिस्ट्री मी पहिल्या सहामाहीनंतरच सोडली होती. ट्रेनिंगच्या वेळेला प्रॅक्टिकल यायचं म्हणून.

मी त्याला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. "अरे, नो वरीज. दोन देशांच्या पद्धती वेगळ्या. हे भाषांतर समज. त्यांना विज्ञानाचे विषय इतके लागतात, म्हणून असं बसवावं लागतं. शाळेचा मूळ कागद नंतर जाईल, तोवर तुझी जागा पक्की झालेली असेल. सगळेच करतात, मेट."

"पण मी दोन वर्षं केमिस्ट्री केलीच नाहीये."

"उन्हाळ्यात करून टाक. मग खोटं कुठे राहिलं?"

त्याच्या तोंडून ते इतकं सोपं वाटलं की फोन ठेवताना मी त्याचे आभार मानले. बाबा ऑफिसात होते. आईने वाचायच्या आधी सही केली असती, मला खात्री होती. मी पेन घेऊन मागच्या पायरीवर बसले. ताई तिथे कपडे वाळत घालत होती. तिने कागद पाहिला, हात पुसले आणि विचारलं, "वाचू?"

तिने तो दोनदा वाचला. मग माझ्या शेजारी बसली. मला वाटलं होतं ती काका-काकूंना सांगेन म्हणेल. ती वेगळंच बोलली.

"माझ्या फाइलमध्ये एक पत्र आहे. मी नाशिकच्या एका हॉटेलात दोन वर्षं काम केलं असं. ते हॉटेल मी बाहेरून पण बघितलेलं नाही. एजंटने सही कर म्हटलं, मी केली."

"मग?"

"मग काही नाही. व्हिसा आला." ती ओल्या टॉवेलची घडी करत राहिली. "पण पोस्टमन आला ना, की आधी पाकिटाचा रंग बघते. तुझ्या घरात कोणी मोठ्याने बोललं तरी वाटतं, कळलं. दीड वर्ष झालं. घरी आईला पण सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा."

ती मला उपदेश करेल तर उलट बोलायची माझी तयारी होती. तिने तो केलाच नाही. उरलेले कपडे घातले आणि शिफ्टला गेली.

मी सही केली नाही. पण नुसतं न करून भागलं नसतं. त्याने ती आईकडून करून घेतली असती. म्हणून मी त्या अमेरिकन कोचना स्वतः ईमेल लिहिला. केमिस्ट्री सोडल्याचं लिहिलं. लिहिता लिहिता खांद्याचंही लिहिलं. वाचून पाहिला असता तर पाठवला नसता, म्हणून वाचलाच नाही.

त्या शनिवारी कॉल आला नाही. पुढच्याही नाही. मी आई-बाबांना सगळं सांगितलं. आई रडली, मग एजंटला फोन करून असं काही बोलली की मागच्या अंगणातल्या ताईलाही ऐकू गेलं. बाबा इतकंच म्हणाले, "खांदा दाखवायला उद्या जाऊ." त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. तेव्हा मला वाटलं, यांनीच त्या बाईंना फोन करून माझा पत्ता कापला.

तिसऱ्या शनिवारी त्या स्क्रीनवर आल्या. या वेळी बाबा माझ्या शेजारी बसले, दिसतील असे.

"मी तुला जागा देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "खांद्याचं तर तू इथे आल्यावर मला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. केमिस्ट्रीचं माहीत नव्हतं. त्या गृहस्थाला मी काही प्रश्न विचारणार आहे." मग त्यांनी समोरची फाइल मिटली. "आणि पहिल्या कॉलला तू म्हणाली होतीस, तुला फिजिओथेरपी शिकायची आहे. माझ्या एकाही थ्रोअरला आजवर त्या वाटेने जाता आलेलं नाही. ट्रेनिंगच्या वेळा जुळत नाहीत. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

"का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"कारण तू हवी होतीस," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं, की नकार गोड करायला म्हटलेलं, हे मला आजही ठरवता येत नाही. बाबांना मी खूप वर्षांनी विचारलं, तेव्हा तुम्ही कोणाला फोन केला होता का? "केला होता," ते म्हणाले, "एजंटच्या ऑफिसात. मी सही केलेला करार परत द्या म्हणून. त्यांनी उचलला नाही." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. बहुतेक.

खांद्यात चीर निघाली. ऑपरेशन लागलं नाही, पण त्यानंतर मी भाला फेकला तो क्लबमध्ये, मजेपुरता. केमिस्ट्री मी मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत पहिल्यापासून केली, दोनदा रडले, पास झाले. आधी सायन्सची डिग्री, मग फिजिओ.

ताईचं कॉलेज पुढच्या वर्षी एका सोमवारी बंद झालं. दारावर कागद, आत अंधार. आई तिला फुकट सल्ला देणाऱ्या वकिलाकडे घेऊन गेली आणि तिथे त्या पत्राचं तिने दुसऱ्यांदा कोणाला तरी सांगितलं. वकील म्हणाले, ते लपवून व्हिसाचा नवा अर्ज करू नकोस. तीन आठवडे ती जेवली नाही धड. मग स्वतःच तिकीट काढून नाशिकला परत गेली. विमानतळावर ती फार बोलत होती, फार खात होती, आणि आईला सारखी मिठी मारत होती.

आता ती तिकडे अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवते. मधूनमधून फोन करते. गेल्या महिन्यात तिने वडिलांच्या गुडघ्याचा एक्स-रे पाठवला, मी व्यायाम लिहून दिले. ते रोज न चुकता करतात, असं ती सांगते. मला काही खरं वाटत नाही.