दुसऱ्या विधानावरचा तळहात

जामखेडच्या अभ्यासिकेत ती रोज माझ्यासमोर बसायची. तिथं बोलायला बंदी, म्हणून तिचं नाव कधी कळलं नाही. 'दिलेली माहिती पुरेशी आहे का?' असल्या स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नांत खाली दोन विधानं दिलेली असतात; ती दुसरं विधान तळहाताने झाकायची आणि पहिलं एकटंच पुरतं का, ते आधी बघायची.

एके दिवशी ती अभ्यासिकेबाहेर पायरीवर पुस्तकं पिशवीत कोंबत होती. मी विचारलं, तर फणकारली, "लगीन ठरलं. पोरगा नोकरीला हाय. घरच्यांना तेवढं बास झालं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मला कुनी इचारलंच न्हाई."

तेवढं बास म्हणे. आठवलं की अजून डोकं फिरतं. ती निदान नंतर हात काढून दुसरं विधान वाचायची. तिच्या घरच्यांनी हात काढलाच नाही.