सत्ताविसावी फ्लॉपी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. महाल या जुन्या वस्तीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कॉम्प्युटरवर क्षयरोग्यांच्या नोंदी ठेवायची. औषध कित्येक महिने घ्यावं लागे आणि दोन महिन्यांत बरं वाटलं की लोक यायचे बंद होत. कोण आलं नाही त्याची यादी मी दर सोमवारी छापून द्यायची आणि आमच्या सिस्टर ती घेऊन गल्लोगल्ली फिरायच्या. दवाखान्याचं खरं काम तेच होतं.

कॉम्प्युटर हिंगण्याच्या एका कारखान्यातून आलेला. त्यांनी नवा घेतला आणि जुना आम्हाला दिला. दोन वर्षं खपून मी कार्डांवरून एकेक रोगी त्यात भरला. मग माळ्यावरच्या कार्डांना वाळवी लागली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "ह्यांची आता गरज आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "सगळं आत आहे."

कार्डं मागच्या अंगणात जाळली.

मे महिन्यात कॉम्प्युटरमधून सुपारी कातरल्यासारखा आवाज यायला लागला. धरमपेठेतल्या दुकानातून इंजिनिअर आला. खोक्याला कान लावून म्हणाला, "मॅडम, ये जानेवाली है. हार्ड डिस्क बदलावी लागते. मी शुक्रवारी नवीन आणतो, तोपर्यंत सगळा डेटा फ्लॉपीवर उतरवून घ्या. आणि उतरवलं की एकदा वाचून पाहा, बरोबर आलं का ते."

मी मान हलवली.

कॉम्प्युटरच्या खोलीत कूलर लावायला मनाई होती, पाण्याची वाफ मशीनला लागते म्हणून. पंखा होता, तोही मशीनकडे वळवलेला. मी ओला टॉवेल मानेवर टाकून बसायची. पडद्यावर अक्षरं यायची, पुढची फ्लॉपी घाला. घातली की मशीन कुरकुरत बसायचं, मग पुन्हा तेच. पहिल्या दिवशी सतराव्या फ्लॉपीला वीज गेली आणि मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दुसऱ्या दिवशी नव्या वीस फ्लॉप्या संपल्या. पुढच्या चौदा मी टेबलाच्या खणातून काढल्या. जुन्याच होत्या, पत्रं ठेवायला वापरलेल्या. प्रत्येकीवर पेनाने आकडा टाकला. चौतिसावी बाहेर आली तेव्हा माझे डोळे चुरचुरत होते. वाचून पाहायचं राहिलं. राहिलं म्हणजे मला आठवण होती, पण उठून घरी जायचं होतं.

शुक्रवारी इंजिनिअरने नवी डिस्क बसवली आणि मी फ्लॉप्या परत भरायला घेतल्या. सव्विसावीपर्यंत सगळं नीट झालं. सत्ताविसावीला मशीन थांबलं. पुन्हा घातली. इंजिनिअरने कापसाने ड्राइव्ह पुसला, पुन्हा घातली. शेवटी त्याने जुनी डिस्क परत जोडून पाहिली. तिच्यातून नुसती टकटक आली.

"ह्या फ्लॉपीवर जी फाइल होती, ती गेली," तो म्हणाला. "बाकीच्या घ्या."

बाकीच्या आल्या. प्रत्येक वस्तीची फाइल वेगळी होती, आणि गेली ती दवाखान्याच्या मागच्या गल्ल्यांची. दीडशेवर माणसं.

डॉक्टरबाईंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "मग कार्डांवरून..." आणि तिथेच थांबल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी खोलीत येऊन रडत बसले. सिस्टर चप्पल काढून आत आल्या. पन्नाशी उलटलेली बाई, संध्याकाळी पाय सुजायचे.

"काहून रडून राहिली वं? यादी गेली, मी तर नाही ना गेली. बस इथं. मी गल्लीनं चालतो, तू टाइप करत जाय."

त्यांनी डोळे मिटले आणि खरोखरच चालायला लागल्या. कोपऱ्यावरचा पानवाला, त्याचा भाऊ. त्याच्या बाजूचा दरवाजा, वरच्या मजल्यावरची बाई. एका घराशी त्या जरा थांबल्या. "हे घर. पहिल्या साली मले ओट्यावरच उभं ठेवलं होतं. आम्ही बौद्ध ना, पाणी बी नाही विचारलं. आता चहा पाजल्याबिगर सोडत नाहीत. लिही, सासू आणि धाकटा पोरगा."

तीन दिवस त्या बोलत होत्या. नावं आली, पण कोणाचं औषध केव्हा सुरू झालं, कुठलं किती, हे त्यांनाही तोंडपाठ नव्हतं. ते घरोघर जाऊन, बाटल्या आणि चिठ्ठ्या पाहूनच लिहावं लागणार होतं. मी वही घेऊन त्यांच्यासोबत निघाले. सकाळी सातला निघायचं आणि दहाला ऊन असं चढायचं की कानाला ओढणी घट्ट बांधूनही झळ लागायची. सिस्टर दर चार घरांनी भिंतीला टेकायच्या.

एका घरी चाळिशीचा माणूस दारातच उभा राहिला. तो दोन महिने आला नव्हता. मी सांगितलं की तुमची नोंद मशीनमधून गेली, पुन्हा लिहायची आहे. त्याचा चेहरा एकदम हलका झाला.

"गेली ना? मग राहू द्या गेलेली," तो हळूच म्हणाला. "पोरीचं लग्न जमून राहिलं. त्या लोकांच्या कानावर गेलं तर मोडते."

मी इतकी थकले होते की मला ते पटलं. वही मिटायला हात गेला.

सिस्टर म्हणाल्या, "नाव मशीनीतून गेलं गा, दुखणं छातीतून नाही गेलं. पोरगी घरातच झोपते ना तुझ्या?" आणि त्या त्याच्या पायरीवर बसल्या. "तू बाटली आण. तोवर मी इथंच बसतो. येणारे-जाणारे पाहतीन."

तो आत गेला. बाटली अर्धी भरलेली होती. दुसऱ्या आठवड्यापासून तो दवाखान्याच्या मागच्या दाराने यायला लागला. कोणाशी बोलायचा नाही, पण यायचा. पोरीचं लग्न दिवाळीनंतर झालं.

जून संपेपर्यंत गल्ल्या पुन्हा भरून झाल्या. काही माणसं मात्र सिस्टरांच्या आठवणीतही नव्हती. कोणी भाड्याने राहणारं, कोणी एकदोनदाच आलेलं. किती, ते कधीच कळणार नव्हतं. यादीत जे नाही ते मोजणार कसं?

त्यातली एक ऑगस्टमध्ये स्वतःच आली. विड्या वळणारी बाई, खोकल्यातून रक्त पडत होतं. डॉक्टरबाईंनी तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. ती वाचली. आठवड्याने मी तिला पाहायला गेले, कारण न जाता मला राहवेना. ती उशीला टेकून बसली होती.

"मागच्या खेपेला औषध सुटलं तेव्हा तुमच्या सिस्टर आल्या होत्या," ती म्हणाली. "या खेपेला कोणी आलंच नाही. मले वाटलं, आता गरज नसन."

मी तिला सगळं सांगितलं. मशीन, डिस्क, न वाचलेली फ्लॉपी. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. चूक माझी होती, एवढं मी स्पष्ट म्हणाले.

तिने पाय जरा आवरून घेतले आणि खाटेवर जागा केली.

"बसा बाई," ती म्हणाली. "उभ्या काहून हाव?"