महाराणीचा घसा

तिला मी महाराणी म्हणते. तोंडावर नाही, मनात. परदेशी मालिकेतल्या महाराणीला आमच्या भाषेत तिचा आवाज आहे, आणि त्याच मालिकेत दासी, सुईण, भाजीवाली आणि दंगलीत किंचाळणाऱ्या झाडून सगळ्या बायका मी. डबिंगच्या धंद्यात याला गर्दी म्हणतात. कित्येक वर्षं मी गर्दी आहे.

घरी सासूबाई मालिका लावून बसतात. "काय गं आवाज हिचा! ऐकतच राहावंसं वाटतं." शेजारी सख्खी सून बसलेली असते, त्याच भागात दोनदा किंचाळलेली, तिचं कुणाला काही नाही. नवरा म्हणतो, "तुझ्या किंकाळ्याही छान असतात हं." अशा माणसाशी काय बोलायचं?

बाई वाईट असती तर माझं सोपं झालं असतं. पण ती वाईट नाही. चहाच्या वेळी स्टुडिओच्या जिन्यात बसून तिचं एकच पालुपद असायचं. "आपण कुणाचे नोकर नाही, मान्य. काम असलं की बोलावतात, नसलं की विसरतात, तेही मान्य. पण घसा तर इथंच झिजतो ना? मग आजारपणात भूमिका राखून ठेवा, औषधपाण्याचं बघा. भीक नाही मागत कुणी." सगळे माना डोलवायचे, कप खाली ठेवायचे आणि कामाला लागायचे. मीही डोलवायचे. बया बोलतेसुद्धा किती छान, म्हणून आतल्या आत जळायचे.

आमच्यात रीतच तशी. ज्याचा आवाज बसला त्याची भूमिका गेली. दुसरा कुणीतरी तस्साच आवाज काढतो, प्रेक्षकांना पत्ता लागत नाही, आणि पहिल्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. म्हणून अंगात ताप असला तरी लोक गरम पाण्याचे घोट घेत माइकसमोर उभे राहतात.

तिचंही तेच झालं. सर्दी अंगावर काढली, खरखरत्या गळ्याने दरबार गाजवला, आणि एका सकाळी तोंडातून नुसती हवा. डॉक्टरांनी बोलायला सक्त बंदी केली. तरी ती मफलर गुंडाळून स्टुडिओत आली आणि मालकांपुढे हात जोडून उभी राहिली. मालक म्हणाले, "तुम्ही विश्रांती घ्या हो. आमचं आम्ही बघतो." आणि तिच्यादेखत मला हाक मारली.

"जमेल तिचा आवाज?"

जमेल का म्हणे! ती श्वास कुठे घेते, कोणत्या शब्दाआधी थांबते, रागावली की आवाज चढवण्याऐवजी खाली कसा आणते, सगळं मला पाठ होतं. मत्सरासारखा मास्तर नाही. मी काचेआड गेले, हेडफोन चढवला आणि राजाला देशोधडीला लावलं.

मालक उठून उभे राहिले. "हुबेहूब! आता ती नसली तरी चालेल. उद्यापासून महाराणी तुम्हीच."

काचेपलीकडे ती बाकावर बसली होती. रडत नव्हती, मफलरचं टोक बोटाला गुंडाळत होती.

खरं सांगते, मला दया आली नाही, राग आला. म्हणजे आता जन्मभर हिचाच आवाज काढायचा? सासूबाई म्हणणार, काय गं आवाज हिचा, आणि तो माझा असूनही तिचाच? शिवाय मुक्या बाईला हरवण्यात कसला आलाय पराक्रम. मला ती बोलती हवी होती. बोलतीला मागे टाकायचं होतं.

माइक चालूच होता. मी महाराणीच्या आवाजात म्हणाले, "आपण कुणाचे नोकर नाही, मान्य." आणि जिन्यातलं अख्खं पालुपद म्हणून टाकलं, शब्दन् शब्द. बाहेरच्या खोलीत स्पीकर होता. राजा, सेनापती, सगळे धावत आले, त्यांना वाटलं हिचा आवाज परत आला. बघतात तर ती गप्प आणि बोलतेय मी. शेवटी मी माझ्या भसाड्या आवाजात सांगितलं, "भूमिका तिची आहे. ती बरी होईपर्यंत मी सांभाळीन, मग तिला परत. कबूल नसेल तर गर्दी दुसरीकडे शोधा."

राजा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मग सेनापती. दरबार गर्दीशिवाय चालत नाही, हे मालकांना काम ठप्प झाल्यावर कळलं. शेवटी नियम झाला, आणि तो सगळ्यांना लागू: आजारपणात भूमिका ज्याची त्याला राखायची, घशाच्या इलाजाचा खर्च स्टुडिओचा. ती बरी झाली तेव्हा मी दातओठ खात महाराणी परत केली.

आणि त्या नियमाला सगळे म्हणतात काय? महाराणीची रजा. तोंड माझं, नाव तिचं. माझं कपाळ, दुसरं काय.

यंदा माझा घसा बसला. किंचाळून किंचाळून आणखी काय होणार? तीच रजा घेऊन घरी बसलेय, बोलायला बंदी, म्हणून हे लिहितेय. माझी गर्दी सध्या ती सांभाळते, स्वतःहून मागून घेतलीन. काल मालिकेत एक म्हातारी भाजीवाली बाजारात भांडली, आणि भांडण संपल्यावर तिने जोरात नाक ओढलं. प्रत्येक म्हातारीला मी तसं नाक ओढते. ते कुणाच्या कधी लक्षात आलं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

सासूबाई दचकून माझ्याकडे वळल्या. "अगं, तू तर घरी आहेस. मग हा तुझा आवाज कसा?"

म्हणजे बयेने मलाही इतकी वर्षं कान लावून ऐकलं होतं. जळत होती तर तीसुद्धा! आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि नेमकी ओरडायचीच बंदी.