लाल खांबाची बायको

गेल्या रविवारी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये आम्हाला जेवणाचं आमंत्रण होतं... सहकुटुंब! आमचे हे एका विमान कंपनीत टेक्निशियन आहेत, सव्वीस वर्षं झाली. मला वाटलं जुन्या लोकांचा सत्कार असेल, म्हणून डोंबिवलीहून चांगली पैठणी नेसून गेले.

सत्कार कसला... दारातच नवऱ्यांच्या हातात फॉर्म आणि बायकांच्या हातात गुलाब. फॉर्म व्हीआरएसचा. म्हणजे चार वर्षं आधीच नोकरी सोडा, एकरकमी पैसे घ्या आणि घरी बसा. नवरे ऐकत नव्हते म्हणून बायकांना बोलावलेलं, हे कळायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

एक गोड बोलणारी मुलगी स्क्रीनवर तक्ते दाखवत होती. उंच लाल खांब पर्मनंट लोकांचा... पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, सगळा कंपनीवर भार म्हणे. शेजारी कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा बुटका हिरवा खांब. "काकांनी खूप केलं, आता त्यांना आराम द्या," असं ती म्हणाली आणि बऱ्याच बायकांनी माना डोलावल्या.

माझं डोकंच फिरलं. भर उन्हात विमानाखाली वाकून ह्यांचे गुडघे गेले, आणि आता हे भार? त्या हिरव्या खांबात तर आमची लेक आहे! त्याच कंपनीच्या काउंटरवर, दर अकरा महिन्यांनी नेमणुकीचं नवीन पत्र... ते हातात पडेपर्यंत पुढच्या महिन्याचा भरवसा नाही.

हे शेजारी मान खाली घालून पेनचं टोपण काढत होते, लावत होते. भांडण ह्यांना जमतच नाही. मग मीच उभी राहिले.

"मॅडम, हे निघाले तर ह्यांच्या जागी पर्मनंट माणूस घेणार का?"

तसं काही ठरलेलं नाही, असं ती म्हणाली.

"मग तू तरी पर्मनंट आहेस का गं?"

ती आधी हसली, मग स्क्रीनकडे बघत म्हणाली, "नाही काकू. मी एजन्सीकडून आलेय. सहा महिन्यांचंच आहे माझं."

मला एकदम वाईट वाटलं. चिडायचं होतं कुणावर, आणि समोर लेकीच्या वयाची पोर! तेवढ्यात हे उठले, कोरा फॉर्म टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझी चार वर्षं मी पुरी करणार." ह्यांचा एवढा मोठा आवाज मी घरातही कधी ऐकला नव्हता. मागोमाग आणखी तिघांनी कोरे फॉर्म ठेवले. बाकीच्यांनी सह्या केल्या... ज्याची अडचण त्याला ठाऊक, मी कुणाला नावं ठेवणार नाही.

जेवताना ती मुलगी ताट घेऊन आमच्याच टेबलावर आली आणि तिने हळूच विचारलं, "काका, पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते ना? मग माझं कसं?" हे श्रीखंड बाजूला सारून तिला समजावत बसले. नोकरी बदललीस तरी पीएफ काढू नकोस, ट्रान्सफर कर, सगळी वर्षं जोडली जातात, ती वर्षं तुझी आहेत.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, पुढच्या महिन्यात माझं पत्र आहे गं." ठाऊक आहे मला. नाही आलं तर विचारायला मीच जाणार आहे... आणि कोरे फॉर्म ठेवणाऱ्या त्या तिघांच्या बायकाही येतायत बरोबर.