काकाजींचं काउंटर

"वजन नाही याच्यात." कोणतंही भांडं दोन बोटांनी उचलायचं, दुकानदाराकडे दयेनं पाहायचं आणि एवढं बोलून खाली ठेवायचं, ही काकाजींची पद्धत. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. रिटायर होऊन वर्षं झाली, तरी स्टील प्लांटचं हेल्मेट मनातून उतरत नाही. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, ते आमच्या मागच्या लाइनीत राहत.

नवऱ्याचं ठेक्याचं काम सुटलं आणि मी तर्री-पोह्याचं दुकान काढायचं ठरवलं. घर आता त्यावरच चालणार होतं. काकाजी आपणहून आले. "एकटी नको जाऊ पोरी. लुटतीन तुले."

दुर्गच्या मंडीत ठोक भावानं पोहे घ्यायला गेलो. काकाजींनी मूठभर पोहे तळहातावर घेऊन विचारलं, "इसका हीट नंबर क्या है?" प्लांटमध्ये भट्टीतून निघणाऱ्या पोलादाच्या प्रत्येक खेपेला नंबर असतो, तसा पोत्यालाही असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

व्यापारी म्हणाला, "काकाजी, पोहा है, लोहे का सरिया नहीं है."

"पाह्य," काकाजी माझ्या कानात म्हणाले, "लपवून राहिला."

हॉटेलच्या सामानाच्या दुकानात एक चकचकीत काउंटर मला फार आवडलं. काकाजींनी त्यावर अंगठा दाबला. पत्रा आत गेला आणि टुपकन वर आला. "मले हे नाही चालत," ते म्हणाले. दुकान जसं काही त्यांचंच.

मग त्यांनी जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये काउंटर बनवून घेतलं. जाड पोलादी प्लेटचं. ते क्रेननं आलं. भाड्यानं घेतलेल्या गाळ्याची पुढची भिंत तेव्हा उठायची होती, म्हणून आत तरी गेलं. पुढे भिंत झाली, शटर लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की काउंटर शटरपेक्षा मोठं आहे.

"काकाजी, हे बाहेर कसं काढायचं?"

"बाहेर कावून काढतं? मशीन बसली म्हणजे बसली."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवरा म्हणाला, आता शेजारी एक रणगाडा घेऊन टाकू, जोडी होईल.

दुकान मात्र चाललं. काकाजी रोज सकाळी येत, काउंटरच्या कोपऱ्याशी बसत, प्लेट उचलून बघत. "वजन नाही याच्यात." मी मुकाट्यानं आणखी एक पळी घालत असे.

गेल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. पावसाळा सरला आणि गाळ्याच्या मालकानं सांगितलं, मुलाला मोबाईलचं दुकान टाकायचंय, जागा खाली करा. मी हातापाया पडले. जमलेलं गिऱ्हाईक तुटलं असतं तर आम्ही खाणार काय? तो ऐकेना. ठरल्या दिवशी माणसं घेऊन आला. त्यांनी काउंटरला खांदे लावले, दोर लावले. ते जागचं हललं नाही. भिंत पाडायची गोष्ट निघाली तेव्हा मुलगाच कंटाळून म्हणाला, "पापा, छोड़ो. मेरे को बगल वाली दुकान दे दो."

मालक घाम पुसत माझ्यावर खेकसला, "किसने बनवाया ये? बुलाओ उसको."

"वो नहीं रहे," मी म्हटलं, आणि मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. काकाजी गेल्यापासून मी धड रडलेच नव्हते.

 त्यानं काउंटरवर हात टेकला, मग तो कोपऱ्याशी बसला. "पोहा लगा दो एक."

मी प्लेट भरली, हातात तोलून पाहिली, आणि आणखी एक पळी घातली.