निनावी कागदांवरचे अंगठे

चकलांब्याच्या आम्रपाली ओव्हाळ औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. झाल्या आणि १९९६ साली एका सूतगिरणीत तात्पुरत्या नेमणुकीवर लागल्या. या विषयाची दुसरी नोकरी जिल्ह्यात नव्हती. त्यांनी चाळीस कामगारांच्या तक्रारी निनावी लिहून घेतल्या आणि कागद पेटीत टाकायला त्यांच्याच हाती दिले. पेटी उघडली, तर प्रत्येक कागदाच्या तळाशी शाईचा अंगठा होता.

“आश्रुबामामा, अंगठा कशाला दिला?”

“अंगठ्याबिगर कागदाला कोण इचारतंय, ताई? फेकून देतेत की!” म्हातारे कामगार आश्रुबा हसले.

गिरणीत कामगारकपात ठरली होती, आणि पगाराच्या रजिस्टरवर सर्वांचे अंगठे होते. कुठली तक्रार कुणाची, हे ताडून पाहायला एक दुपार पुरली असती. आम्रपालीबाईंनी सगळ्या कागदांचे तळ कापून जाळले.

“खालचा भाग कुठे आहे?” व्यवस्थापकांनी विचारले.

“मी कापला. नाव कळणार नाही, असा शब्द दिला होता.”

“कुणाला विचारून दिला?”

व्यवस्थापकांनी कपातीची यादी पुढे ओढली आणि तिच्या शेवटी एक नाव लिहिले. ते आपलेच आहे, हे बाईंना समोरून उलटे वाचतानाही कळले.