आधी माणूस ठरू द्या

"थांबा, आधी माणूस ठरू द्या," असं म्हणत तो तिकिटांच्या पेटीवर पंचाने टकटक करायचा. वर्धा-पुलगाव गाडीतल्या रोजच्या माणसांना ती टकटक ओळखीची होती. ती ऐकली की समजायचं, कंडक्टर पुन्हा कादंबरीत शिरला.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. त्या रस्त्यावरच्या एका शाळेत मी मराठी शिकवत असे आणि सकाळच्या एसटीने वर्ध्याहून जात असे. बोलका कंडक्टर तुम्हीही पाहिला असेल. आमच्या कंडक्टरला मात्र ऐतिहासिक कादंबरी लिहायची होती. त्यासाठी जुन्या काळातला एखादा लढवय्या सरदार नायक म्हणून हवा होता. तो त्याला सहा वर्षं सापडत नव्हता, आणि या शोधात त्याने अख्ख्या गाडीला कामाला लावलं होतं.

पुलगावला जाणारे एक निवृत्त हवालदार दर सोमवारी नवा सेनापती घेऊन चढायचे.

"तो तर जिंकला ना हवालदारसाहेब," हा म्हणायचा. "जिंकलेल्याचं लिहाले रांग लागली हाय. मले हरलेला पाह्यजे. पण पाय मागं न घेतलेला."

मीही एकदा एक नाव सुचवलं.

"त्याच्यावर बारा जणांनी लिहिलं, मॅडम. तेरावा मी काऊन होऊ?"

त्याच्या वह्या मी तपासून द्यायच्या, असं ठरलं होतं. तो म्हणायचा, "ऱ्हस्व-दीर्घ तुमच्याकडे, लढाई माझ्याकडे."

एका सकाळी मी पायरीवर पाऊल ठेवायच्या आत टकटक ऐकू आली. "मॅडम, माणूस ठरला!"

माणूस आमच्याच वाटेवर सापडला होता. नदीकाठच्या एका गावात पडकी गढी होती. चार-पाचशे वर्षांपूर्वी तिथल्या सरदाराने मूठभर शिपायांनिशी पाच महिने मोठी फौज अडवून धरली आणि शेवटी तो दरवाजातच पडला, असं गाव सांगे. त्याच्या नावाचा शेंदूर लावलेला दगडही होता. गावचे पाटील स्वतःला त्याचे वंशज म्हणवत. कापूस आणि तूर पिकवणारं साधं घर. कोणा पूर्वजाने मोडीत उतरवून ठेवलेला एक कागद त्यांनी अभिमानाने त्याच्या हाती दिला. "आमाले वाचता येत नाई. पण पराक्रमच असंन त्यात."

वर्षभरात त्याने नऊ वह्या भरल्या. त्यातला सरदार आपल्या प्रत्येक शिपायाचं गाव तोंडपाठ सांगे, अगदी आमचा कंडक्टर प्रवाशांची गावं सांगे तसा. गावाने त्याचा सत्कार ठरवला. फक्त कागद वाचून घ्यायचा राहिला होता.

पवनारला मोडी वाचणारे एक वयस्कर गुरुजी होते. रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. गुरुजी भिंग धरून सावकाश वाचत होते आणि हा पेन सरसावून बसला होता. अर्ध्या कागदावर गुरुजी थांबले. त्यांनी चष्मा काढला.

"पुढचं वाचू?"

"वाचा ना."

तिसऱ्या महिन्यात गढीतलं धान्य संपत आलं. आसपासच्या गावांतल्या बाया, म्हातारे, लेकरं गढीत आसऱ्याला आली होती. सरदाराने दरवाजा उघडला आणि त्या सगळ्यांना बाहेर काढलं. शत्रूने त्यांना वाट दिली नाही. गढीतल्यांनी पुन्हा दार उघडलं नाही. ते सगळे खालच्या नाल्यात राहिले, आणि तिथेच उपाशी संपले. गढी पाच महिने टिकली ती अशी.

तो कागदाकडे टक लावून बघत होता.

"गुरुजी, अक्षर लागलं नसंन. पुन्हा पाहा."

गुरुजींनी पुन्हा वाचलं. तेच निघालं. किती माणसं, कोणती, काही नव्हतं. 'माणसे' एवढा एकच शब्द होता.

परतीच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरने त्याला दोनदा हाक मारली. त्याला ती ऐकूच आली नाही. मी म्हटलं, "भाऊ, तेवढा भाग गाळा. कादंबरीच तर आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

सत्काराला मी गेले होते. शाळेचं पटांगण, माईक, हार. मला वाटलं, आभार मानून बसेल. त्याने हार गळ्यात तसाच ठेवून सगळं सांगितलं. नाला, दार, उपाशी लेकरं, सगळं.

"खोटं बोलून राह्यला हा!" कोणीतरी ओरडलं. खुर्च्या सरकल्या. पाटलांच्या धाकट्या भावाने त्याची कॉलर धरली.

बायकांच्या बाजूला पाटलांची आई खाली सतरंजीवर बसली होती. नव्वदीची असेल. तिने हात वर केला.

"सोड त्याले."

मग ती म्हणाली, "सर्वपित्रीले आपण पहिली भाकर नाल्यात ठेवतो. माझ्या सासूनं सांगितलं होतं, खाली भुकेले हायेत, त्यायले देत जाय. कोण भुकेले, मी कधी विचारलंच नाई."

कॉलरवरचा हात गळून पडला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तिथल्या प्रत्येकीने ती भाकर ठेवली होती.

आता हा दुसरा नायक शोधेल, असं मला वाटलं. तो म्हणाला, "नाई मॅडम. माणूस तोच राहीन. पण तो दरवाज्याचा भाग मले जमून नाई राह्यला." पुढे मी विचारलं की तो एवढंच म्हणे. पेटीवरची टकटक बंद झाली. माझी बदली झाली, मग तो निवृत्त झाला. काही वर्षांनी कळलं, एका दुपारी बसल्या जागी छातीत दुखून गेला.

महिन्याभराने त्याची बायको पिशवी घेऊन माझ्या दारात आली. "मॅडमले देजो, म्हणत होते."

पिशवीत दहावी वही होती. तिच्यात दरवाजाचा भाग होता आणि दुसरं काहीच नव्हतं. लढाई नव्हती. बाहेर काढलेली माणसं एकामागून एक दारातून जात होती, आणि प्रत्येकाला त्याने नाव दिलं होतं. चार ओळी वाचल्या आणि मी पुन्हा पहिल्या ओळीवर आले. पहिला म्हातारा म्हणजे आमचे हवालदार. त्यांच्या मागे दुधाच्या कॅना घेऊन चढणारी बाई, तिची सून, रोज उभ्याने येणारा शिंपी. आमची सकाळची सगळी गाडी गढीतून बाहेर पडत होती. मधेच लिहिलं होतं : 'सुमन. लेकरांना अक्षरं शिकवते. उतरताना मागे वळून पाहते.'

सुमन म्हणजे मी. मी वही मिटली. मग पुन्हा उघडली. पुढे त्याची बायको होती, दोन्ही मुली होत्या.

शेवटचं लेकरू बाहेर गेल्यावर आतून कोणीतरी दाराला अडसर घातला. त्या ओळीत सरदाराचं नाव असेल, असं मला वाटलं होतं. तिथे वेगळंच नाव होतं. आडनावासकट, वडिलांच्या नावासकट. आम्ही इतकी वर्षं त्याला नुसतं कंडक्टर म्हणत आलो. त्याचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.